रोला रॉकेट्स आणि बिनशेंडीचा नारळ

मिशा फुटलेली दहा माणसं एका चेंडूमागे धावतात आणि तो हाती लागला की बूड नसलेल्या टोपलीत टाकतात. चेंडू अर्थातच खाली पडतो. मग पुन्हा उचलायचा, पुन्हा टाकायचा. ह्याला बास्केटबॉल म्हणतात, आणि आमच्या शारजात ह्याचा पगार मिळायचा. आठ कंपन्यांच्या आठ टीमा होत्या. माणसाला कागदावर स्टोअरकीपर म्हणून घ्यायचं आणि दुपार झाली की चेंडू टाकायला सोडायचं. स्टोअर कोण सांभाळायचं ते देव जाणे.

मी चौथी शिकलेली बाई. शहाण्णव साली लेकीकडे आले ती नात सांभाळायला, आणि तिथेच राहिले. हा खेळ मला कधी कळला नाही, कळून घ्यायची हौसही नव्हती. पण आमच्या महादूनं त्या बिनबुडाच्या टोपलीत अख्खा जीव टाकला होता, आणि कोट घातलेल्या लोकांनी तो कसा खाली पाडला ते मी माझ्या गॅलरीतून बघितलं. म्हणून सांगते.

महादू संगमेश्वराकडचा. गिलावा करायला म्हणून चौऱ्याऐंशी साली आला. परांचीवरून पडला, गुडघा गेला. मालकाला तिथे अरबाब म्हणतात. त्या अरबाबानं दया करून त्याला आपल्या लाँड्रीत उभा केला. रोला हा शारजातला आमचा भाग, तिथे आमच्या बिल्डिंगच्या तळाशीच ती लाँड्री. दिवसभर वाफेत उभं राहायचं, गुडघा दुखला की पाय बदलायचा. बायको सत्यभामा गावाला, दोन पोरं. रजा दोन वर्षांनी, आणि ती कायम उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे शिमगा नुकताच होऊन गेलेला. आता हे ज्याला कोकण ठाऊक आहे त्यालाच कळेल. महादू हा त्यांच्या वाडीचा ढोलवाला. पालखी निघाली की पहिली थाप त्याच्या घराण्याची. आणि हा बापडा वर्षानुवर्षं शिमग्याच्या दिवशी लोकांच्या पॅंटींना कडक घड्या घालत उभा.

मग एक दिवस आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत डांबर पडलं, दोन खांब उभे राहिले, खांबांना त्या टोपल्या लागल्या. एका रंगाच्या कंपनीनं हे केलं, आणि त्या कंपनीत मॅनेजर कोण? आमचे जावईबापू, मधुकरराव. टीमला नाव दिलं रोला रॉकेट्स. रॉकेट म्हणे. दिवाळीत बाटलीत उभं करून उडवतात, आणि ते हमखास शेजाऱ्याच्या वाळवणात पडतं, तेच ते.

शुक्रवारी ऊन कललं की मॅच. पहिल्याच मॅचला महादू कंपनीचा रंगाचा रिकामा डबा घेऊन आला, गळ्यात दोरीनं अडकवला आणि वाजवायला लागला. पालखीचा ठेका! मी गॅलरीत तांदूळ निवडत होते, ताट बाजूला ठेवून उठून उभीच राहिले. दोन्हीकडची पोरं खेळायची थांबली. रेफरीनं शिट्टी तोंडातून काढली. मग फिलिपिनो कप्तान हसला, त्यानं अंगठा दाखवला आणि खेळ सुरू झाला. त्या दिवसापासून रोलाची गर्दी ही महादूची गर्दी. कोकणातली पोरं, मल्याळी, सलूनमधले फिलिपिनो आणि कोपऱ्यावरच्या तंदूरवरचा पठाण हमदुल्ला. हमदुल्ला गरम रोट्या गोधडीसारख्या कपड्यात गुंडाळून आणायचा आणि रॉकेट्सनी चेंडू टाकला की शेजाऱ्याच्या डोक्यावर रोटी आपटायचा.

टीमचे कपडेही महादूच धुवायचा. पिवळे बनियन, पाठीवर मोठ्ठं ‘रोला’. त्याचे पैसे तो घ्यायचा नाही. मी म्हटलं, “महादू, अरबाबाचा साबण उधळतोस होय?”

“काकी, साबन माजा सोताचा हाय,” तो म्हणाला. “देवाचं कापड आपन परटाकडं देतो काय?”

“अरे, पण तूच तर लाँड्रीवाला.”

“तेच तर. मग कोनाकडं देऊ?”

असल्या माणसाशी काय वाद घालायचा?

अशी तीनेक वर्षं बरी गेली. मग एका संध्याकाळी महादू इस्त्रीचे शर्ट घेऊन वर आला. जावईबापू सोफ्यावर पाय पसरून चहा पीत होते. त्या आठ टीमांच्या लीगचे सेक्रेटरी झाल्यापासून त्यांचे पाय जरा जास्तच पसरत.

“महादू, बरं झालं आलास. पुढच्या सीझनपासून टीम शिफ्ट होतेय. फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला चालली ना, टीमपण तिकडेच. एसी हॉल, लाकडी फ्लोअर. एकदम फर्स्ट क्लास!”

“कोनची टीम, साहेब?”

“आपली रे. रॉकेट्स.”

“आपली म्हंजे कोनाची?”

जावईबापू हसले. “कंपनीची. बडे साहेबांची. पैसा त्यांचा आहे ना?”

महादूच्या हातातले शर्ट हँगरसकट खाली गेले. मी ते काढून घेतले, नाहीतर माझ्या लेकीचा पुन्हा इस्त्रीचा खर्च.

“आई, ह्यात इमोशनल होण्यासारखं काही नाही,” जावईबापू माझ्याकडे वळून म्हणाले. मी तर काही बोललेही नव्हते. “अमेरिकेत टीमा सर्रास गावं बदलतात. नॉर्मल आहे.”

“अमेरिकेत बायका नवरेही सर्रास बदलतात म्हणे,” मी म्हटलं. “स्मिताला सांगू का?”

आत स्वयंपाकघरात लेकीच्या हातातून डाव पडला. हसली असावी.

महादू मात्र हसला नाही. त्यानं दोन्ही हात जोडले. “साहेब, एक इचारू? तिकडं नवी टीम काढा. ही ऱ्हाऊ दे हितं. आठाच्या नऊ झाल्या तर काय बिघडलं?”

“तसं नसतं, महादू. लीग एक्स्पांड केली की क्वालिटी डायल्यूट होते. म्हणजे... पातळ होते. चांगले खेळाडू मोजके, ते जास्त टीमांत वाटले की दर्जा पडतो.”

“रंगात पाणी घातल्यासारखा,” मी म्हटलं. “तुमच्या कंपनीला ते काय नवीन?”

“आई, प्लीज. शिवाय नऊ टीमा म्हणजे दर शुक्रवारी एक टीम नुसती बसून राहणार.”

“बसू दे की,” महादू म्हणाला. “सुक्रवारी कोनीतरी बसायला हवंच. बायकोला फोन करील.”

“खलास, महादू. डिसिजन झालंय.”

नात मिहिका टीव्हीसमोर लोळत होती. ती मान न वळवता म्हणाली, “आजी, इट्स जस्ट अ गेम.” शाळेत इंग्रजी शिकवलं की पोरांना आधी हेच एक वाक्य येतं बहुतेक.

महादू निघाला तेव्हा जावईबापूंनी त्याला आणखी एक काम सांगितलं. बनियनांवरचं ‘रोला’ घासून काढायचं, आणि त्यावर नव्या जागेच्या नावाची पट्टी गरम इस्त्रीनं चिकटवायची. मला वाटलं, हा आता बनियन त्यांच्या तोंडावर फेकील. पण महादू “बरं साहेब” म्हणाला आणि लंगडत जिना उतरला. खरं सांगते, त्या दिवशी मला त्याचाही राग आला. माणसानं इतकंही मऊ असू नये.

टीम गेली. खांब राहिले, टोपल्या राहिल्या. शुक्रवारी ऊन कललं की डांबरावर कबुतरं.

पहिल्या मॅचला रोलाची मंडळी निघाली, तिघा टॅक्सीवाल्यांना गाठून, दाटीवाटीनं. महादू पुढे, मांडीवर रंगाचा डबा. शारजातून दुबईत जायचं म्हणजे काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. आणि हे ठिकाण तर दुबईच्याही पलीकडे, वाळवंटाच्या तोंडाशी. पोचले तेव्हा लोक हॉलच्या बाहेर येत होते. लोक म्हणजे कोण, तर बडे साहेब, त्यांची बायको, आमचे जावईबापू आणि ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी हमदुल्ला रोट्या द्यायला वर आला तो माझ्यावरच भडकला, जणू मीच टीम उचलून नेली. “अम्मा, इतना दूर! उधर ऊँट भी नहीं आता. अंदर सीट लाल, मखमल का. बैठनेवाला कौन? कोई नहीं!”

पुढे रॉकेट्स हरायला लागले. पोरं तीच, चेंडू तोच, टोपली तशीच बिनबुडाची. पण त्या गार हॉलात म्हणे बुटांचा आवाज तेवढा यायचा, चुईचुई. बडे साहेबांनी मोठमोठे स्पीकर लावले, कॅसेटवर टाळ्या लावल्या. हो, टाळ्या, कॅसेटवर! जावईबापू हे घरी अभिमानानं सांगत होते. लग्नात कुणी आलं नाही म्हणून फोटोतली माणसं पंक्तीला बसवावीत, तसलं हे.

कॅसेटनं भागेना, तेव्हा साहेबांना महादूची आठवण झाली. जावईबापू एका संध्याकाळी लाँड्रीत उतरले. मीही गेले, चादरी घ्यायच्या होत्या. म्हणजे चादरी दुसऱ्या दिवशी घेतल्या असत्या तरी चाललं असतं.

दुकानात महादू, हमदुल्ला आणि दोन-चार पोरं. जावईबापूंनी खिशातून कूपनांचा गठ्ठा काढला. “महादू, गुड न्यूज! तुमच्यासाठी शुक्रवारी स्पेशल बस. येणाऱ्या प्रत्येकाला टी-शर्ट, आणि हे बघ, बिर्याणीचं कूपन. दहा दिरहमची बिर्याणी, म्हणजे एकशे वीस रुपये! तू फक्त तुझा तो डबा घेऊन ये. यल्ला, चल!”

पोरांचे डोळे कूपनांवर. त्यांचा तरी काय दोष? मजुरांच्या कॅम्पातली रोजची डाळ खाऊन माणसाला बिर्याणीत देव दिसतो. सगळे महादूकडे बघायला लागले. त्यानं हो म्हटलं की निघायचं.

महादूनं इस्त्री उभी केली. “साहेब, नारळ?”

“नारळ कशाला? कूपन आहे ना.”

“आमच्यात दुसऱ्या गावचा ढोल बोलवायचा तर नारळ घेऊन येवा लागतो. उंबऱ्यावर ठेवून इचारायचं, ढोल द्याल काय म्हनून. तेच्याबिगर ढोल गावाची शीव ओलांडीत न्हाय.”

“अरे, पण हा रंगाचा डबा आहे! आणि आमच्याच कंपनीचा!”

“डबा तुमचा हाय साहेब. न्या की.” महादूनं कोपऱ्यातला डबा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. “वाजवा.”

जावईबापू कूपनं खिशात घालून गेले. माझ्या चादरी तिथेच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यांना चांगलंच झापलं असावं, कारण स्वारी सुपरमार्केटची पिशवी घेऊन पुन्हा हजर. ह्या खेपेला मला हाक मारून घेऊन गेले. “आई, तुम्ही सांगा त्याला. परंपरा वगैरे आपण सगळं पाळतो.” पिशवीतून नारळ काढून त्यांनी लाँड्रीच्या उंबऱ्यावर ठेवला.

मी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. नारळ पांढऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेला. वर किमतीचं लेबल. आणि शेंडी? शेंडीचा पत्ता नाही. हजामानं गुळगुळीत करून सोडलेल्या डोक्यासारखा चकचकीत, तीन डोळे उघडे टाकून आमच्याकडे बघत बसलेला. आमच्याकडे शेंडी काढलेला नारळ देवापुढे ठेवत नाहीत, हे माझ्या मिहिकालाही ठाऊक आहे. जावईबापूंना नव्हतं. आणि ह्यांच्या घराण्यात म्हणे तीन पिढ्या सत्यनारायण.

महादूनं नारळ उचलला, लेबल वाचल्यासारखं केलं, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मला वाटतं, त्याला खरंच वाटलं होतं की नारळ नीट आला तर आपल्याला जावं लागेल. रीत म्हणजे रीत. म्हणून तो आधी पांढराफटक पडला होता, आणि आता त्याच्या तोंडावर रंग आला.

“काकी,” तो म्हणाला, आणि नारळ माझ्या हातात दिला. “चटनी करा.”

जावईबापूंनी ती चटणी चवीनं खाल्ली. इडलीबरोबर. कसला नारळ ते स्मितानं त्यांना जेवण झाल्यावर सांगितलं.

त्यानंतर कंपनीनं भाड्यानं गर्दी आणून बघितली, दुसऱ्या कॅम्पांतून. ती मंडळी बिर्याणी खायची आणि मखमलीच्या लाल खुर्च्यांवर झोपायची. एसी होता ना. आठवडाभर उन्हात विटा वाहिलेला माणूस दुसरं काय करणार? मी असते तर मीही झोपले असते.

आता ह्या दर्जावाल्यांचा दर्जा ऐका. वर्ष-दीड वर्षानं दुबईतल्या अल क्वोजच्या एका गोदामवाल्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं लीगमध्ये यायचं म्हटलं. दोघांचेही खिसे जड. झाल्या की आठाच्या दहा! रातोरात. जावईबापूंनी पेढे आणले.

“का हो, पातळ नाही का झाली लीग?” मी विचारलं.

“आई, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता मार्केट मॅच्युअर झालंय.”

“आणि रोलाला एक द्यायची तर ते पिकलं नव्हतं?”

“रोलाला स्पॉन्सर कुठाय?” ते म्हणाले, आणि मला पेढा दिला. मी तो मिहिकाला दिला. तिनंही ठेवून दिला. पोरगी अगदीच वाया गेलेली नाही.

तेव्हा मला त्या लोकांचं शास्त्र कळलं. टीम हलवायची की नवी काढायची, ह्यावर ते कोट घालून, चहा पिऊन तास न् तास बोलतात. पण टीम कुणाची, एवढं सोडून सगळं बोलतात. गावचा देव उचलून आपल्या बंगल्यात नेऊन बसवायचा आणि मग भक्त का येत नाहीत म्हणून कॅसेटवर आरती लावायची. बरं, तिकडे बसवायला नवा देव घडवा म्हटलं तर म्हणणार, देवांची संख्या वाढली की देवपण पातळ होतं!

पुढे बडे साहेबांना घोड्यांचा नाद लागला आणि चेंडूचा सुटला. टीम बंद. स्टोअरकीपर लोक आयुष्यात पहिल्यांदा स्टोअरमध्ये जाऊन बसले. काही परत गेले. कप्तान आमच्याच गल्लीतल्या सलूनमध्ये लागला, केस कापायला. आणि एका ड्रायव्हरनं बनियनांचं गाठोडं महादूच्या दुकानात आणून टाकलं. धुऊन ठेव, साहेब कुणालातरी दान करणार आहेत म्हणाला.

महादूनं धुतलं. कुणी आलं नाही. लाँड्रीच्या पावतीवर खाली छापलेलं असतं, की अमुक दिवसांत कपडे नेले नाहीत तर आमची जबाबदारी नाही. ते दिवस गेले, त्याच्यावर आणखी तेवढेच गेले. महादूनं जावईबापूंना दोनदा विचारलं. “टाकून दे रे ते,” ते म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले, म्हणून साक्षीला मी आहे.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर महादू एकेका बनियनावर ओला कपडा टाकून गरम इस्त्री फिरवत होता. वाफ निघाली की पट्टीचं एक टोक चिमटीत धरायचा आणि हळूच ओढायचा. पट्टी सालीसारखी सुटून आली. खाली ‘रोला’. जसंच्या तसं, एक रेघ गेलेली नाही.

“अरे, घासून काढलं होतंस ना?”

“कोन म्हनला?” महादू म्हणाला. “मी बरं म्हनलो हुतो.”

आणि मी त्याला मऊ म्हणत होते.

त्या शुक्रवारी ऊन कलल्यावर कबुतरं उडाली. केस कापणारा कप्तान, सलूनमधली आणखी दोन पोरं, कॅम्पातली दोन उंच मराठी पोरं, अशी पाच जणांची टीम पिवळे बनियन घालून उभी. समोर कोण, तर तंदूरवाल्या हमदुल्लानं गोळा केलेले पठाण, सलवार खोचून. त्यांना खेळ माहीत नव्हता, पण चेंडू सोडायचा नाही एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. रेफरी नाही, लीग नाही, पगार नाही. गावाहून कुणीतरी आणलेला नारळ महादूनं खांबापाशी ठेवला, शेंडीसकट, कुंकू लावून. मग फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले आणि परातीत घालून सगळ्यांपुढे धरत फिरला. पठाणांपुढे, फिलिपिनोंपुढे, सगळ्यांपुढे.

मी गॅलरीत खुर्ची घेऊन बसले होते. बघते तर जावईबापू खाली उतरलेले, दोन्ही हात खिशात घालून जाळीपाशी उभे. आत यावं की नाही ते ठरत नव्हतं. सेक्रेटरींना खुर्ची कुणी ठेवली नव्हती, आणि तिथे खुर्ची कुणालाच नव्हती.

महादू लंगडत त्यांच्यापाशी गेला. मी पुढे झुकले. आता हा काय बोलतो? इतक्या वर्षांचं बोलायचं होतं. मी असते तर शेंडीपासून सुरुवात केली असती.

त्यानं परात पुढे केली. “घ्या साहेब. परसाद.”

जावईबापूंनी एक तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि तिथेच उभे राहिले. महादू वळला, डबा गळ्यात अडकवला आणि पहिली थाप मारली.

चेंडू टोपलीत पडला, आणि अर्थातच खालून बाहेर आला.